टिव्होलींत दोघांचें जेवण

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास जन्मभर पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. परंतु ‘आज रात्रीं तुम्ही दोघें जेवायला कोठें बसणार?’ हा प्रश्न त्यास सहसा कोणी विचारीत नाहीं. जेवायचें घरीं आणि बसायचें पंगतींत, हें त्याच्या जन्माआधींच ठरलेलें असतें. मला हा प्रश्न प्रथम विचारण्यांत आला तो २०१९ सालच्या जून महिन्यांत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, आणि तोही आमच्या साताऱ्यास नव्हे, तर डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें. त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमची एक संपूर्ण संध्याकाळ गेली. ती कशी गेली, तेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रश्न विचारणारी आमची पुतणी. ती व तिचे यजमान नोकरीनिमित्त तेथें राहतात, आणि त्यांच्या आग्रहावरून मी व सौ. महिनाभर त्यांच्याकडे गेलों होतों. मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यांत आमच्या लग्नाचा एकतिसावा वाढदिवस आला. सकाळीं चहाच्या वेळीं तिनें टिव्होली नांवाच्या प्रसिद्ध बागेचीं दोन प्रवेशपत्रें माझ्या हातांत ठेवलीं व ती म्हणाली, “काका, आज आम्ही बरोबर येणार नाहीं. आज तुमची आणि काकूची डेट नाइट.”

या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा मीं प्रामाणिक प्रयत्न केला. विवाहित जोडप्यानें घरच्या माणसांस वगळून, कोणतेंही काम नसतांना, केवळ एकमेकांच्या सहवासासाठीं बाहेर जेवायला जाणें, या क्रियेला आपल्याकडे सुटसुटीत शब्द नाहीं. कारण ती क्रियाच आपल्या घरांतून फारशी घडत आलेली नाहीं. सौ.नें मात्र तो शब्द बिनतक्रार स्वीकारला. पुतणीनें एकच अट घातली. बागेंत भोजनगृहें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कोणतें पसंत करावयाचें तें तुम्हीं दोघांनींच ठरवावें, टेलिफोन करून मला विचारूं नये.

टिव्होली ही बाग शहराबाहेर रानांत नाहीं. मुख्य रेल्वे-स्टेशनांतून बाहेर पडून रस्ता ओलांडला कीं ती लागते, आणि तिच्या दुसऱ्या अंगास नगरभवनाचा चौक आहे. विस्तार सुमारें २० एकर. १८४३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १५ तारखेस ती लोकांसाठीं खुली झाली. तिचा संस्थापक गेओर्ग कार्स्टेन्सेन. प्रजा करमणुकींत रमली म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहीं, असें सांगून त्यानें राजे आठवे ख्रिश्चन यांची परवानगी मिळविली, अशी कथा आहे. त्या काळीं शहराभोंवतीं तटबंदी होती, आणि ही जागा पश्चिम दरवाजाबाहेरची. पुढें तट गेला, खंदक बुजला. पण त्या खंदकाचा एक तुकडा बागेंतलें तळें होऊन राहिला आहे. जें पाणी शत्रूला अडविण्यासाठीं होतें, त्याच्याच कांठीं आज लोक निवांत जेवायला बसतात.

परीकथाकार हान्स क्रिस्टिअन अँडरसन पहिल्याच हंगामांत येथें येऊन गेला. नाइटिंगेल पक्ष्याची त्याची प्रसिद्ध गोष्ट त्याच वर्षाअखेर प्रसिद्ध झाली. पुढें १९५१ सालीं वॉल्ट डिस्ने यानें ही बाग पाहिली, आणि १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत त्याचें डिस्नेलँड उघडलें. जगांतील क्रीडोद्यानांच्या घराण्यांत टिव्होलीचा मान असा पणजीचा आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालच्या जूनमध्यें, नाझींच्या डॅनिश हस्तकांनीं स्फोट घडवून तिच्या कित्येक इमारती जाळल्या. तरी थोड्याच आठवड्यांत ती पुन्हां सुरू झाली.

आम्ही सायंकाळीं सहाच्या सुमारास आंत शिरलों. ऊन आपल्याकडच्या चारच्या उन्हासारखें होतें. प्रथम सारी बाग फिरून घ्यावी आणि मग जेवणाचें ठरवावें, असा मीं बेत केला. १९१४ सालची लांकडी डोंगरगाडी अजून धांवते. तिचें वैशिष्ट्य असें कीं, गाडींतच एक मनुष्य बसलेला असतो आणि तो हातानें ब्रेक लावून तिचा वेग आंवरतो. ती गाडी उतारावरून खालीं येतांना माणसें किंचाळलीं, तेव्हां सौ. त्या ब्रेकवाल्याकडे पाहून म्हणाली, “एवढ्या सगळ्यांत घाबरायचें नाहीं असा एकच जण.” थोडें पुढें १८७४ सालची मूकनाट्याची रंगभूमि आहे. तिचा पडदा म्हणजे पिसारा फुलविलेला मोर. खेळ सुरू होतांना तो पिसारा दोन्ही बाजूंस मिटत जातो. आपला मोर त्या दूरच्या देशांत पाहून आम्हांला गांवचें कोणी भेटल्यासारखा आनंद झाला.

परंतु फिरून झाल्यावर मूळ प्रश्न उरलाच. मीं सौ.ला विचारलें, “तुला काय हवें?” ती म्हणाली, “तुम्ही ठरवा.” मीं माझें नेहमींचें उत्तर दिलें, “मला कांहींही चालेल.” हें उत्तर मी एकतीस वर्षें देत आलों आहें. रोज सायंकाळीं ती स्वयंपाकघराच्या दारांत येऊन ‘उद्यां काय करूं?’ म्हणून विचारते, आणि मी वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां ‘कांहींही चालेल’ असें म्हणतों. याला मी आजवर माझा साधेपणा समजत होतों.

ती तेथल्या एका बांकावर बसली आणि शांतपणें म्हणाली, “एकतीस वर्षें भाजी मींच निवडतें. आज तुम्ही कांहीं तरी निवडा.”

तेव्हां मी कामास लागलों. बाहेरगांवीं मोठ्या प्रसंगीं मनुष्य जें करतो, तेंच मीं प्रथम केलें. सर्वांत भव्य इमारतीकडे वळलों. ‘निम्ब’ ही १९०९ सालची वास्तु मूरिश धाटणीची आहे. तिचे घुमट आणि कमानी पाहून अरबी गोष्टींतला राजवाडा आठवतो. आंत आतां हॉटेल आहे आणि जेवणाचीही उत्तम सोय आहे. मीं दारावरचें पत्रक वाचूं लागलों. सौ.नें आंतल्या शुभ्र टेबलांकडे, पेल्यांच्या रांगांकडे आणि हलक्या आवाजांत बोलणाऱ्या मंडळींकडे पाहिलें व विचारलें, “येथें आपल्याला मोठ्यानें हंसतां येईल का?” मला याचें उत्तर देतां येईना. आम्ही पुढें निघालों.

दुसरी निवड मीं विचारपूर्वक केली, असें मला वाटलें. आम्ही दोघेंही शाकाहारी; अंडेंही खात नाहीं. डॅनिश जेवणांत हेरिंग मासा, डुकराचें मांस आणि कोळंबी यांचें प्राबल्य. पण याच बागेंत ‘गेम्यूसे’ नांवाचें एक भोजनगृह होतें. या जुन्या डॅनिश शब्दाचा अर्थच भाजीपाला, आणि तेथें मानही भाजीचाच पहिला. मी विजयी मुद्रेनें म्हणालों, “हें बघ, तुझ्यासाठींच जणूं काढलें आहे.” ती हंसली, पण पाऊल उचलीना. “हें तुम्हीं माझ्या नियमासाठीं निवडलेंत,” ती म्हणाली. “नियम पाळण्यापुरतें मला कोठेंही मिळेल. मला काय आवडेल असें तुम्हांला वाटतें, तें मी पाहतें आहें.” मला काय वाटतें? मी आठवूं लागलों. तिच्या हातच्या कोणत्या भाज्या मला आवडतात त्यांची यादी घडाघडा सांगतां आली असती. उलट बाजूची यादी मजपाशीं नव्हती.

तिसरें भोजनगृह ‘ग्रोफ्टन’. हें १८७४ सालापासूनचें. म्हणजे मोराच्या पडद्याच्या वयाचें. नांवाचा अर्थ चर किंवा खंदक. बटर लावलेल्या काळ्या पावावर नाना पदार्थ रचून खाण्याची जी डॅनिश रीत आहे, तिच्याबद्दल या जागेचा लौकिक आहे. टेबलांवर चौकटींच्या कापडाची गंमत, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें कुटुंब एका ठिकाणीं, आणि सगळे एकदम बोलताहेत. मला तर तेथें घरच्याच दिवाळीची आठवण झाली, आणि मी खुर्ची शोधूं लागलों. सौ.नें माझी बाही ओढली. “हें अगदीं आपलेंच घर आहे,” ती म्हणाली. “येथें बसलें तर मी अर्ध्यावर वाढायला उठेन.”

वाचकांस हा प्रकार हट्टाचा वाटेल. मलाही क्षणभर तसें वाटलें. पण या तीन नकारांचा मिळून अर्थ काय, याचा मी चालतां चालतां विचार करूं लागलों, तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं मी आतांपर्यंत पदार्थ आणि इमारती निवडीत होतों. दोन माणसांनीं एकत्र बसावयाची वेळ निवडण्याकडे माझें लक्षच गेलें नव्हतें. म्हणून मीं पत्रकें वाचणें सोडलें आणि जागा पाहूं लागलों. डोंगरगाडीच्या जवळ बसलें तर बोलणें ऐकूं येणार नाहीं. मुख्य वाटेवर बसलें तर येणारे-जाणारे आपल्या ताटांत डोकावणार. आंत दिवे लावलेल्या खोलींत बसलें तर बाग बाहेर राहणार. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जेथें लोक खाऊन झाल्यावरही उठत नाहींत, अशी जागा पाहिजे होती. बसलेल्या मंडळींपुढच्या रिकाम्या बशांवरून ती ओळखतां येते, हा शोध मला त्या सायंकाळीं लागला.

तळ्याकांठीं झाडाखालीं अशी एक जागा सांपडली. नांव घेण्याजोगें तें हॉटेल नव्हतें. चार-सहा टेबलें उघड्यावर मांडलेलीं. शेजारीं एक वृद्ध जोडपें कॉफीचे रिकामे पेले पुढें ठेवून, कांहीं न बोलतां, पाण्याकडे पाहत बसलें होतें. “येथें,” मी म्हणालों. सौ.नें पत्रक न पाहतांच खुर्ची ओढून घेतली.

वाढणाऱ्या मुलीला आमचे नियम समजावून सांगतांच तिनें आंत जाऊन विचारून घेतलें आणि बेत सांगितला. जून हा त्या देशांत नव्या बटाट्यांचा, शतावरीच्या कोंबांचा आणि स्ट्रॉबेरीचा महिना. शेपूची पानें भुरभुरलेले लहान लहान उकडलेले बटाटे, लोण्यांत परतलेली शतावरी, राईचा काळा पाव आणि चीज, इतकें साधें जेवण आलें. आमच्याकडे उपासाच्या बटाट्यालाही याहून जास्त नटवितात. तरी त्या बटाट्यांची गोडी मी अद्याप विसरलों नाहीं.

मी दुसरा बटाटा चिरीत होतों, तोंच मला समोर कांहीं तरी हालचाल दिसली. सौ.ची बशी रिकामी झाली होती. तिनें रुमालाची घडी घातली, पावाची रिकामी टोपली आपल्या बशीवर ठेवली, माझ्या कोपराजवळची लोण्याची वाटी तींत ठेवली आणि उठण्याच्या तयारीनें खुर्ची जराशी मागें सारली.

“झालें?” मीं विचारलें.

“झालें कीं.”

“एवढ्यांत?”

“मी नेहमीं एवढ्याच वेळांत जेवतें. तुम्हांला ठाऊक नाहीं?”

मला खरोखरच ठाऊक नव्हतें. आमच्या घरीं पानें चौदा. पहिल्या पंगतीला आम्ही पुरुष आणि मुलें, मग बायका. आमची पंगत उठून मी ओसरीवर पान-सुपारीला बसलों कीं आंत दुसरी पंगत बसे, आणि सुपारी चघळून होते न होते तोंच आंतून भांड्यांचा आवाज येऊं लागे. त्या दोन आवाजांच्या मध्यें जो अवकाश होता, तेवढें तिचें जेवण. गेल्या एकतीस वर्षांत तिनें मला दहा-अकरा हजार वेळां तरी जेवतांना पाहिलें असेल. कशावर मीठ कमी पडलें हें ती माझ्या भुंवयांवरून ओळखते. मीं तिला जेवतांना समोरून असें पाहिलेंच नव्हतें. घरांत कोणी दुष्ट होतें असें नाहीं. माझी आईही त्याच घाईनें जेवली, आणि आजीही. रीत होती, आणि ती माझ्या सोयीची होती. सोयीची रीत मनुष्याच्या नजरेस पडत नाहीं.

मीं तिची खुर्ची पुन्हां पुढें ओढली. मग वाढणाऱ्या मुलीस बोलावून स्ट्रॉबेरी व साय, आणि त्यानंतर कॉफी आणावयास सांगितली. “दिवे लागेपर्यंत आपण उठायचें नाहीं,” मी म्हणालों. ही त्या सायंकाळची माझी पहिली खरी निवड.

ती सोपी मात्र नव्हती. त्या अक्षांशावर जूनच्या मध्यास सूर्य मावळतो तो रात्रीं दहाच्या सुमारास, आणि घड्याळांत तेव्हां पावणेनऊ वाजले होते. डिस्नेलँडमध्यें यावर एक युक्ति केलेली आहे. तेथें १९६७ सालीं उघडलेलें ‘ब्लू बायू’ नांवाचें भोजनगृह समुद्री चाच्यांच्या जलविहाराच्या इमारतींतच आहे. आंत कायमची रात्र. भर दुपारीं बारा वाजतां गेलें तरी कंदील, काजवे आणि संथ पाणी. जोडप्यांचें तें फार आवडतें ठिकाण आहे, आणि युक्ति मोठी कल्पक आहे यांत शंका नाहीं. टिव्होलींत रात्र अशी तयार मिळत नाहीं. तिची वाट पाहावी लागते. आणि त्या दिवशीं आम्हांला हवी होती ती वाट पाहणेंच.

स्ट्रॉबेरी आल्या. सौ.नें त्या एकेक करून, मोजून खाव्या तशा खाल्ल्या. मीं दुसऱ्या पंगतीबद्दल विचारलें. मनांत कांहींसा अपराधी भाव होता. ती म्हणाली, “तुम्ही समजतां तितकी ती वाईट नव्हती. वेळ थोडा, पण हंसणें पुष्कळ. थोरल्या वहिनी तुम्हां सगळ्यांच्या नकला करीत. तुमची नक्कल तर फार छान करीत.” आणि तिनें तेथेंच, कोपनहेगनच्या तळ्याकांठीं, एक हात डोळ्यांपुढें वर्तमानपत्रासारखा धरला आणि भरड्या आवाजांत म्हटलें, “कांहींही चालेल!” मग ती इतक्या मोठ्यानें हंसली कीं शेजारच्या वृद्ध जोडप्यानेंही वळून पाहिलें आणि तींही हंसूं लागलीं. त्या राजवाड्याच्या दारांत तिनें काय विचारलें होतें, तें मला तेव्हां कळलें.

दहा वाजून गेल्यावर आकाश निळसर झालें आणि बागेंत एकेक दिवा लागूं लागला. येथले दिवे डोळ्यांवर येत नाहींत. दिवे करणारा प्रसिद्ध डॅनिश कलावंत पॉल हेनिंगसेन हा जर्मनांच्या अंमलाच्या काळांत टिव्होलीचा प्रमुख वास्तुशिल्पी होता. विमानांच्या भयानें शहरभर अंधार पाळावा लागे. तेव्हां त्यानें असा एक दिवा योजिला कीं त्याचा उजेड खालीं वाटेवर पडावा, पण आकाशांतून दिसूं नये. युद्धानंतर, १९४९ सालीं, त्यानेंच तळ्याकांठासाठीं फिरत्या सर्पिलाचे दिवे केले. त्यांचें प्रतिबिंब पाण्यांत हलूं लागलें, तेव्हां आमच्या टेबलावरची कॉफी केव्हांच निवली होती आणि रिकाम्या बशा तशाच पडल्या होत्या. सौ.नें त्या एकावर एक रचल्या नव्हत्या.

घरीं परतलों तेव्हां पुतणी जागी होती. “कोठें जेवलांत?” तिनें विचारलें. आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. हॉटेलाचें नांव दोघांच्याही लक्षांत राहिलें नव्हतें. “तळ्याच्या कांठीं,” सौ. म्हणाली, आणि त्या उत्तरावर आमची परीक्षा उतरली.

परदेशीं जाणाऱ्या आपल्या लोकांनीं अशा उद्यानांत जोडीनें जेवावयास जावें कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा व आवडीचा प्रश्न आहे. पण गेलेंच, तर एवढें अनुभवानें सांगतों: आधीं एक फेरी मारावी, पाळण्यांच्या गोंगाटापासून दूर बसावें, नियमांचें काय तें पहिल्यानेंच सांगून टाकावें, आणि ज्या टेबलांवर लोक रिकाम्या बशांपुढें बसून राहिलेले दिसतील, तेथेंच आपली खुर्ची ओढावी.

साताऱ्यास परत आल्यावर मीं घरांत एक लहानसा बदल केला. आतां मी दुसऱ्या पंगतीला बसतों. सौ.नें प्रथम नापसंती दाखविली. तुम्ही आलांत तर आमचें हंसणें बंद होईल, असें तिचें म्हणणें. तें खरेंही ठरलें. पहिले सात-आठ दिवस सगळ्या जणी माना खालीं घालून मुकाट्यानें जेवल्या, आणि नेहमींपेक्षांही लवकर उठल्या. मी तसाच बसत राहिलों. पानें वाढायलाही शिकलों. नवव्या दिवशीं वहिनींनीं ताक वाढतां वाढतां सहज विचारलें, “भावजी, उद्यां भाजी कसली करूं?” आणि मी उत्तर देण्यापूर्वींच पंगतींतून कोणीतरी भरड्या आवाजांत म्हणालें, “कांहींही चालेल!”

त्या दिवशीं आमची पंगत उठायला बराच उशीर झाला.